दंड भरून मोकळं व्हायची घाई नको

पत्र: माझा मुलगा न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावातल्या विद्यापीठात मेकॅनिकलमध्ये एमएस करतोय. गेल्या महिन्यात मित्राकडच्या पार्टीनंतर मध्यरात्री रस्त्यावर शेजाऱ्यांशी बाचाबाची झाली. पोलीस आले, ह्याने आवाज चढवला आणि 'डिसऑर्डर्ली कंडक्ट'चं (सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातल्याचं) तिकीट, म्हणजे कोर्टात हजर राहायची नोटीस, हातात पडलं. तीन आठवड्यांनी कोर्टाची तारीख आहे. न्यू जर्सीतले माझे मेहुणे म्हणतात, गुन्हा कबूल कर, शंभर-दोनशे डॉलर भर, विषय संपव. त्याची आई म्हणते, त्याला परत बोलवा. त्याचं करिअर संपलं का? पुढे नोकरीच्या अर्जात हे लपवता येईल का?

उत्तर:

नमस्कार. करिअर संपलेलं नाही, परत बोलवायचं तर अजिबात काही कारण नाही. काळजी वाटते ती मेहुण्यांच्या सल्ल्याची.

ते वाईट हेतूने सांगत नाहीत, पण ते न्यू जर्सीत राहतात. तिथे ह्याच नावाच्या आरोपाला 30 दिवसांपर्यंत कैद आणि 500 डॉलरपर्यंत दंड असतो. पेनसिल्व्हेनियात साध्या प्रकारातसुद्धा 90 दिवसांपर्यंत जाऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये कलम 240.20 नुसार हे 'व्हायोलेशन' आहे. राज्याचा कायदा त्याला 'क्राइम' म्हणतच नाही. जास्तीत जास्त 15 दिवस आणि 250 डॉलर, वर कोर्टाचा सव्वाशे डॉलरच्या आसपास अधिभार. पहिल्याच वेळी एवढ्यासाठी सहसा कोणी आत जात नाही. नाव एकच असलं तरी राज्यागणिक वजन बदलतं, म्हणून ह्या बाबतीत नातेवाइकांचा अनुभव बाजूला ठेवा.

लहान गाव म्हणता, तेव्हा केस बहुधा टाउन किंवा व्हिलेज कोर्टात असेल. ही कोर्टं पुष्कळदा गावाच्या सभागृहात, संध्याकाळी भरतात. तिथला न्यायाधीश वकील असलाच पाहिजे असं न्यूयॉर्कच्या कायद्यात नाही. नाव पुकारतात, आरोप वाचतात, कबूल आहे का विचारतात. दोन मिनिटांत आटोपतं. घाबरलेलं पोर ह्याच दोन मिनिटांत 'हो' म्हणून बसतं. त्याने तिथे 'नॉट गिल्टी' म्हणायचं आणि वकिलासाठी वेळ मागायचा. हे खोटं बोलणं नव्हे. आरोप सिद्ध करणं सरकारी वकिलाचं काम आहे, एवढाच त्याचा अर्थ. वकील परवडत नसेल तर कोर्टाकडे मागता येतो, कारण ह्या कलमात कैदेची तरतूद आहे.

आरोप सिद्ध करणं वाटतं तितकं सोपंही नाही. नुसता आवाज चढवला, शिवी दिली, पोलिसाशी हुज्जत घातली, एवढ्याने भागत नाही; आजूबाजूच्या लोकांना उपद्रव द्यायचा हेतू होता, किंवा तसा धोका त्याने बेफिकिरीने ओढवला, हे दाखवावं लागतं. रॉचेस्टरमधल्या अशाच एका प्रकरणात, पोलिसाला शिवीगाळ झाली होती तरी, राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने 2013 साली ह्या आरोपाखालच्या अटकेला पुरेसा आधार नव्हता असा निकाल दिला. तुमच्या मुलाच्या बाबतीत मध्यरात्र आणि चिडलेले शेजारी, दोन्ही त्याच्या विरोधात जातात, म्हणून मी फार आशा लावणार नाही. पण वकिलाला बोलणी करायला हे हत्यार पुरेसं आहे.

ती बोलणी कशासाठी करायची, हे नीट समजून घ्या. मिळवायची ती एक तडजोड, तिला वकील तिथे 'एसीडी' म्हणतात. मुलगा काहीही कबूल करत नाही, केस सहा महिने तहकूब राहते, कधीकधी थोडी समाजसेवा सांगतात, आणि त्या काळात नवी भानगड झाली नाही तर आरोप रद्द होतो, नोंदीही सीलबंद होतात. कायद्याने ती दोषसिद्धी नाही आणि कबुलीही नाही. उलट दंड भरून सुटला तर कबुली कागदावर कायम राहते. राज्याच्या दृष्टीने ती किरकोळ असेल, पण इमिग्रेशनचा कायदा दोषसिद्धीची व्याख्या स्वतःची वापरतो: कबुली दिली आणि कोर्टाने कसलीही शिक्षा लावली, की तिथे ती धरली जाऊ शकते. काही राज्यांत आधी कबुली घेऊन मग केस रद्द करण्याचे कार्यक्रम असतात. परदेशी विद्यार्थ्याला तेही ह्याच कारणाने महागात पडू शकतात. एकट्या ह्या आरोपावरून सहसा कोणाला देशाबाहेर काढत नाहीत, हे खरं. पण 2025 च्या वसंतात कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशनच्या नोंदी सरकारने अचानक बंद केल्या होत्या आणि त्यांत किरकोळ, अगदी रद्द झालेल्या केसेसवालेही होते. कोर्टात गेल्यावर त्या परत चालू कराव्या लागल्या, पण मधले दिवस पोरांनी कसे काढले ते मी फोनवर ऐकलंय. तेव्हा शंभर डॉलर वाचवायला जाऊ नका. फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही कळणारा वकील घ्या. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगून ठेवलंय, म्हणून त्याने बिनधास्त विचारावं.

विद्यापीठाची शिस्तीची चौकशी वेगळी चालेल. तिथे पुरावा कमी लागतो आणि मुलं मन मोकळं करायला लिहून देतात. ते लिहिलेलं कोर्टात येऊ शकतं. आधी वकील, मग माफीनामा.

आता लपवण्याबद्दल. नाही. पण विचारलं नाही ते सांगायचंही नाही. कंपनी 'दोषी ठरला होतास का' विचारत असेल आणि केस एसीडीने रद्द झाली असेल, तर 'नाही' हेच खरं उत्तर आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा रद्द झालेल्या केसबद्दल विचारायची मालकाला सहसा मुभाही नसते. व्हिसाच्या डीएस-160 फॉर्मवर मात्र प्रश्न 'अटक झाली होती का' असाही आहे, आणि राज्याने नोंद सील केली म्हणून तो टळत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जाचंही तेच. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने 'सगळं मिटलंय' म्हणून तिथे 'नाही' वर टिक केली. मूळ भांडण क्षुल्लक होतं. तिला दोन वर्षं भोवली ती टिक.

तुमच्या मुलाला नुसतं तिकीट मिळालं की अटक झाली, हेच अजून स्पष्ट नाही. हातकडी घातली का, ठाण्यावर नेलं का, बोटांचे ठसे घेतले का, हे आठवतंय तोवर तारीखवार लिहून ठेवायला सांगा. वकिलाचा पहिला प्रश्न हाच असेल. केस संपली की कोर्टातून 'सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन'च्या, म्हणजे केसचा शेवट काय झाला त्या दाखल्याच्या, शिक्क्याच्या तीन-चार प्रती घ्याव्यात. एक तुमच्या घरच्या कपाटात राहू द्या, दहा वर्षांनी कोणीतरी मागतं.

त्याच्या आईला सांगा, अभ्यास आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे अर्ज चालू राहू देत. फक्त सुट्टीत भारतात यायचं तिकीट वकिलाशी बोलल्याशिवाय काढू नका. व्हिसा रद्द झाला असेल तर अमेरिकेत राहून शिकणं बहुतेक वेळा चालू राहू शकतं, अडतं ते परत जाताना.