गावकरी आणि संस्था मिळून पाणलोटाचं काम करायचं असेल तर ग्रँट कुठून मिळेल?

नाबार्डचं बघा आधी, त्यांचा पाणलोट विकास निधी 1999-2000 मधे 200 कोटींवर सुरू झाला आणि तो अशा जोडीच्या कामासाठीच आहे, म्हणजे एक संस्था आणि गावाची पाणलोट समिती. पण पैसे लगेच मिळत नाहीत हां, आधी गावाला श्रमदान करावं लागतं, कुऱ्हाडबंदी चराईबंदी पाळावी लागते, मग छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं आणि त्यानंतरच मोठा टप्पा. चराईबंदीवरच खरी भांडणं होतात, त्यामुळे शेळ्या-मेंढ्यावाल्यांना पहिल्या मीटिंगपासून सोबत घ्या प्लीज, त्यांचं पोट त्यावर आहे. दुसरं म्हणजे जीईएफचा (ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी, पर्यावरणाच्या कामांना पैसे देणारा आंतरराष्ट्रीय निधी) स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅम, 1992 पासून चालू आहे, त्यात स्थानिक संस्थांना थेट पैसे मिळतात.