फिल हार्टमन यांना त्यांचे सहकारी 'डिंक' का म्हणत असत?

आपला प्रश्न असा आहे की, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी कार्यक्रमातील विनोदी नट फिल हार्टमन यांना त्यांच्याबरोबर काम करणारे कलाकार 'ग्लू', म्हणजे डिंक, असे का म्हणत. आणि आठ वर्षे एवढ्या गाजलेल्या कार्यक्रमात काम करूनही ते डेना कार्व्ही किंवा माइक मायर्स यांच्यासारखे चित्रपटाचे नायक का झाले नाहीत. माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. मी स्वतः हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे एकांकिका केल्या असून, हार्टमन यांची स्किट्स मी प्रेक्षक म्हणून कमी आणि विद्यार्थी म्हणून अधिक पाहिली आहेत, त्यामुळे हे उत्तर थोडे नटाच्या बाजूने झुकलेले असेल.

तमाशातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. सोंगाड्याला हशा मिळतो. परंतु त्याला गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणारा, त्याच्यावर खराखुरा चिडणारा साथीदार समोर नसेल, तर सोंगाड्याचे वाक्य हवेत विरून जाते. हा साथीदार स्वतः हसला की खेळ संपला. एका स्पर्धेत नेमका हाच गुन्हा माझ्या हातून घडला होता आणि आमच्या दिग्दर्शकाने परतीच्या एस.टी.त माझ्याशी एक अक्षरही न बोलून त्याची शिक्षा मला दिली होती. हार्टमन हे अशा साथीदारांचे मेरुमणी होते. स्किट विस्कटू न देता धरून ठेवणारा म्हणून ते 'डिंक'.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे मे १९९३ मध्ये सादर झालेले मॅट फोलीचे स्किट. मुलांकडे गांजा सापडल्यामुळे आईवडील एका प्रेरक वक्त्याला घरी बोलावतात, आणि तो वक्ता, म्हणजे अवाढव्य देहाचा ख्रिस फार्ली, आपण नदीकाठी एका व्हॅनमध्ये राहतो हे ओरडून ओरडून सांगत शेवटी दिवाणखान्यातल्या टेबलावर कोसळून त्याचा चुराडा करतो. मुलांच्या भूमिकेतील डेव्हिड स्पेड आणि क्रिस्टिना अ‍ॅपलगेट यांना हसू आवरत नाही आणि ते दोघे तोंड लपवत बसलेले स्पष्ट दिसतात. वडील झालेले हार्टमन मात्र शेवटपर्यंत एक चिंताक्रांत, सभ्य, मध्यमवर्गीय बापच राहतात. लोक त्या स्किटला फार्लीचे स्किट म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण ते घर खरे वाटते ते हार्टमन यांच्यामुळे, आणि घर खरे वाटले म्हणूनच ते टेबल मोडण्यात मजा आहे.

हे किती कठीण आहे, हे समजण्यासाठी त्या कार्यक्रमाचा आठवडा कसा चालतो तेही पाहिले पाहिजे. सोमवारी पाहुण्या कलाकारासमोर कल्पना मांडल्या जातात, मंगळवारी रात्रभर लेखन चालते, बुधवारी सगळी स्किट्स एकत्र बसून वाचली जातात आणि त्यांतली बरीचशी तिथेच गळतात. शनिवारी रात्री आठच्या सुमारास खऱ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तिच्यात पडलेली स्किट्स पुन्हा काढून टाकली जातात, उरलेल्यांत कापाकापी होते, आणि साडेअकराला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामधील स्टुडिओ आठ-एचमधून थेट प्रक्षेपण सुरू होते. शेवटच्या क्षणी बदललेली वाक्ये नटाने कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरून वाचायची असतात. अशा धबडग्यात कुणीतरी एक जण आपली जागा, आपले वाक्य आणि समोरच्याचे वाक्यही सांभाळून उभा असावा लागतो. हार्टमन यांनी हे काम १५३ भागांत केले, आणि तो त्या वेळचा विक्रम होता.

ही स्थिरता त्यांच्याकडे कुठून आली असावी, याबद्दल माझा एक अंदाज आहे. ते या कार्यक्रमात ऑक्टोबर १९८६ मध्ये आले तेव्हा अडतीस वर्षांचे होते. १९४८ मध्ये कॅनडातील ब्रँटफर्ड येथे आठ भावंडांच्या घरात जन्मलेल्या या माणसाने आधी ग्राफिक डिझायनर म्हणून पोट भरले होते. पोको, अमेरिका अशा वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिकांची वेष्टने त्यांनी केली आणि क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गायकत्रयीचे बोधचिन्हही त्यांचेच. त्या एकट्याने बसून करायच्या कामाला कंटाळून ते १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'ग्राउंडलिंग्ज' या विनोदी नाट्यसंस्थेत जाऊ लागले, आणि तिथे पॉल रूबेन्स यांना 'पी-वी हर्मन' हे पात्र घडवण्यासही त्यांनी हातभार लावला. म्हणजे त्यांच्या मित्राचे पात्र देशभर गाजत असताना ते मात्र त्याच्या चित्रपटाचे सहलेखक म्हणूनच ओळखले जात होते. मधल्या काळात अभिनय सोडून देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता. अशा माणसाला शनिवारी रात्री कुणाला ढकलून पुढे जाण्याची घाई वाटली नसेल, असे मला वाटते.

मात्र ते केवळ साथीदार होते असा समज करून घेऊ नये. डिसेंबर १९८६ मधील स्किटमध्ये त्यांचे अध्यक्ष रेगन पाहुण्यांसमोर विसराळू आजोबा असतात, आणि दार बंद होताच इराण-कॉन्ट्रा प्रकरणातला, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातील बंडखोरांना पुरवण्याच्या भानगडीतला, एकूण एक तपशील तोंडपाठ असलेले कडक सूत्रधार होतात. पुन्हा कुणी पाहुणा आला की त्याच क्षणी गोड आजोबा. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांचे क्लिंटन धावता धावता मॅक्डोनाल्ड्समध्ये शिरतात आणि सोमालियात मदतीचे अन्न सरदारांच्या टोळ्या कसे पळवतात हे समजावताना समोरच्या गिऱ्हाइकांच्याच ताटातले पदार्थ फस्त करत जातात. या नकलेत आवाज तर हुबेहूब आहेच, परंतु मला त्याहून मोठी वाटते ती त्या माणसाची प्रत्येकाशी आपुलकीने बोलत बोलत हात पुढे करण्याची लकब. नक्कल करणारे पुष्कळ असतात. नकलेतून त्या माणसाची हाव आणि त्याचे लाघव एकाच वेळी दाखवणारे थोडे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. चित्रपटाला सहसा असे एक पात्र लागते की ज्याची वाक्ये लोक घरी जाऊन बोलतील. मायर्स आणि कार्व्ही यांचे 'वेन्स वर्ल्ड' हे स्किट १९९२ मध्ये चित्रपट होऊ शकले ते त्यामुळेच. हार्टमन यांच्याकडे सत्तरहून अधिक सोंगे होती, पण त्या सगळ्यांच्या मागचा माणूस प्रेक्षकाला कधी दिसलाच नाही. साहजिकच चित्रपटांत त्यांच्या वाट्याला 'जिंगल ऑल द वे'मधल्या आगाऊ शेजाऱ्यासारख्या दुय्यम भूमिका आल्या, ज्या त्यांनी झकास केल्या. १९८९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला, तोही लेखनासाठी आणि इतर लेखकांबरोबर विभागून. १९९४ मध्ये कार्यक्रम सोडल्यावर 'न्यूजरेडिओ' या मालिकेत त्यांनी साकारलेला आढ्यताखोर निवेदक बिल मॅकनील मला त्यांचे सर्वोत्तम काम वाटते, कारण तिथे प्रथमच एकाच माणसात मुरण्याइतका वेळ त्यांना मिळाला.

२८ मे १९९८ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, झोपेत असताना पत्नीने गोळ्या झाडल्याने त्यांचा मृत्यू झाला आणि नंतर तिनेही स्वतःचे जीवन संपवले. त्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन या घटनेभोवतीच फिरते. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नसल्याने मी अधिक लिहीत नाही. 'द सिम्प्सन्स' या व्यंगचित्र मालिकेत ते ट्रॉय मॅक्ल्यूर हा पडेल नट आणि लायनेल हट्झ हा भोंदू वकील यांना आवाज देत असत. त्यांच्यानंतर निर्मात्यांनी ही पात्रे दुसऱ्या कुणाच्या आवाजात बोलू दिली नाहीत. आजही ती गर्दीच्या एखाद्या दृश्यात उभी दिसतात, पण बोलत नाहीत.