वाचकांचे प्रश्न : घटनास्थळ आणि भौतिक पुरावा

गुन्ह्याच्या तपासावरील लेखानंतर वाचकांनी अनेक प्रश्न पाठवले. त्यांपैकी बहुतेक प्रश्न प्रयोगशाळेतील उपकरणांविषयी नसून घटनास्थळी काय केले जाते आणि का केले जाते, याविषयी आहेत. पुराव्याचे भवितव्य बहुतांशी तेथेच ठरत असल्यामुळे त्यांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : तज्ज्ञ घटनास्थळी पोहोचल्यावर बराच वेळ कशालाही हात न लावता छायाचित्रे काढतात, मोजमापे घेतात. पुरावा नष्ट होण्याची भीती असताना तो आधी उचलून सुरक्षित का ठेवत नाहीत?

उत्तर : वस्तू उचलली की वस्तू हाती राहते, पण तिची जागा कायमची जाते, आणि तपासात पुष्कळदा वस्तूपेक्षा तिच्या जागेवरूनच अधिक कळते. चोरी झालेल्या खोलीतील खिडकीची फुटलेली काच घ्या. काचेचे तुकडे विस्कटलेल्या सामानाच्या खाली असतील, तर आधी खिडकी फुटली आणि मग सामान विस्कटले गेले. तेच तुकडे विस्कटलेल्या कपड्यांच्या वर पडलेले असतील, तर खोली आधी विस्कटली आणि खिडकी नंतर फोडली, म्हणजे चोरीचा देखावा केला असण्याची शक्यता तपासावी लागते. कोणी घाईने काच गोळा करून ठेवली, तर तुकडा न् तुकडा जपला जाईल, मात्र हा निष्कर्ष पुन्हा कधीच काढता येणार नाही.

म्हणून आधी नोंद आणि मग हाताळणी, हा क्रम कटाक्षाने पाळला जातो. छायाचित्रे तीन टप्प्यांत घेतात : संपूर्ण जागेची, नंतर वस्तू आणि तिच्या आसपासचा भाग यांचा संबंध दाखवणारी, आणि शेवटी वस्तूची अगदी जवळून. जवळचे छायाचित्र एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टीसह घेतात. पट्टी ठेवल्यामुळे काही झाकले गेले, असा आक्षेप मग उरत नाही. बुटाचा ठसा टिपताना कॅमेरा ठशाच्या बरोबर वर काटकोनात धरतात आणि प्रकाश बाजूने, जमिनीलगत तिरका सोडतात, म्हणजे तळव्याच्या झिजेच्या बारीक खुणाही सावलीमुळे उठून दिसतात. छायाचित्रात अंतराचा अंदाज फसवा असतो, त्यामुळे हाताने काढलेला आराखडाही लागतो. त्यात प्रत्येक वस्तूचे अंतर भिंतीचा कोपरा किंवा दाराची चौकट अशा न हलणाऱ्या दोन बिंदूंपासून मोजलेले असते.

आपली भीती मात्र अनाठायी नाही. पावसात उघड्यावर राहिलेला ठसा, वाऱ्याने उडू शकणारा धागा, वाळत चाललेला थेंब यांना थांबायला वेळ नसतो. असा पुरावा झटपट छायाचित्र घेऊन आधी झाकतात किंवा उचलतात. आणि या सगळ्या नियमांच्या वर एक नियम आहे : जखमी माणसाचा जीव पुराव्याच्या आधी येतो. मदत करणाऱ्यांना जखमीचा सदरा कापावा लागला, तर तो शक्यतो वाराच्या छिद्रातून न कापता बाजूने कापावा. दार उघडले, दिवा लावला, खुर्ची सरकवली, तर ते कोणी आणि केव्हा केले, हे लिहून ठेवावे. बदल लपवण्यापेक्षा त्याची नोंद ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

प्रश्न : रक्त लागलेले कपडे कागदी पिशवीत ठेवतात, असे कळले. प्लास्टिकची पिशवी अधिक स्वच्छ आणि हवाबंद नाही का?

उत्तर : हवाबंद असणे हाच येथे दोष आहे. ओला कपडा प्लास्टिकमध्ये बंद केला की ओलावा आत कोंडतो, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि ज्या डीएनएसाठी तो कपडा जपला, तोच डीएनए त्यात नासतो. म्हणून असा कपडा आधी स्वच्छ जागी, उन्हापासून दूर, पंख्याचा झोत किंवा उष्णता न देता वाळवतात. त्याच्याखाली कोरा कागद पसरतात आणि वाळताना त्यावर गळून पडलेले केस, कण यांच्यासह तो कागदही पुरावा म्हणून जपतात. घडी घालताना दोन थरांमध्ये कागद ठेवतात, कारण पोटावरचा डाग घडीमुळे पाठीवर उमटला, तर डागांच्या मांडणीवरून काढायचा निष्कर्षच चुकतो. प्रत्येक कपड्याला स्वतंत्र पिशवी हवी.

आगीच्या ठिकाणचा ढिगारा मात्र याच्या अगदी उलट रीतीने ठेवावा लागतो. आग पेट्रोल किंवा रॉकेल टाकून लावली होती का, हे त्या राखेत आणि कोळशात अडकलेल्या वाफांवरून कळते. कागदी पिशवीतून या वाफा निघून जातात, साध्या पॉलिथिनमधूनही हळूहळू झिरपतात. त्यासाठी घट्ट झाकणाचा स्वच्छ पत्र्याचा डबा किंवा खास नायलॉनची पिशवी वापरतात. डबा काठोकाठ भरत नाहीत, कारण तपासणीसाठी वाफेचा नमुना वरच्या मोकळ्या जागेतूनच घेतला जातो. तेव्हा कोणते वेष्टन चांगले, याचे एकच उत्तर नाही. त्या पुराव्याला ओलाव्यापासून धोका आहे, उडून जाण्यापासून आहे की घासण्यापासून आहे, हे पाहून ते ठरते.

रंगाचे कपचे, काचेचा चुरा, धागे असा बारीक पुरावा स्वच्छ कागदाच्या पुडीत बांधून ती पुडी पाकिटात ठेवतात. नुसत्या पाकिटात टाकल्यास कोपऱ्यांच्या फटींतून कण निसटतात. चाकू खोक्यात असा आवळून बसवतात की त्याचे पाते कशालाही घासणार नाही. बंदूक उचलताना नळीत पेन्सिल खुपसण्याची जी पद्धत पडद्यावर दिसते ती सर्वस्वी चुकीची आहे, कारण त्याने नळीतील अवशेष आणि सूक्ष्म खुणा यांना धक्का लागू शकतो.

प्रश्न : घटनास्थळी एखाद्याचा डीएनए सापडला, तर गुन्हा सिद्ध झाला असे का मानू नये?

उत्तर : डीएनए कोणाचा आहे हे चाचणी सांगते, तो तेथे केव्हा आणि कसा आला, हे सांगत नाही. फ्रान्समधील लियाँ येथे १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार्ड यांचे मूलतत्त्व असे की, दोन गोष्टींचा संपर्क झाला की त्यांच्यात काहीतरी देवाणघेवाण होते. हे तत्त्व गुन्हेगाराला जसे लागू आहे, तसेच तपास करणाऱ्यालाही लागू आहे. पीडित व्यक्तीला स्पर्श केलेल्या अधिकाऱ्याने तेच हातमोजे घालून संशयिताचे कपडे हाताळले, तर त्या दोघांचा कधीही न झालेला संपर्क पुराव्यात झालेला दिसू शकतो. म्हणून हातमोजे वारंवार बदलतात आणि या दोन व्यक्तींचे कपडे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या खोल्यांत हाताळावेत, असा आग्रह असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली आणि तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे ४० ठिकाणच्या नमुन्यांशी जुळला. खुनापासून किरकोळ घरफोडीपर्यंत सर्वत्र तीच स्त्री दिसत होती आणि पोलीस तिच्या मागावर होते. २००९ मध्ये उलगडा झाला की अशी गुन्हेगार अस्तित्वातच नव्हती. नमुने गोळा करण्याच्या कापसाच्या काड्यांवर त्या बनवताना वा भरताना एका कामगार स्त्रीचा डीएनए लागला होता. काड्या निर्जंतुक होत्या, परंतु निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, डीएनए नाहीसा होतोच असे नाही. पुढे २०१६ मध्ये असे साहित्य डीएनएपासून मुक्त ठेवण्यासाठी आयएसओ १८३८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले.

ही चूक लवकर उघड करणारा उपाय साधा आहे, आणि माझ्या मते त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही. तो म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. डागाबरोबरच डाग नसलेल्या शेजारच्या भागाचा नमुना, न वापरलेली एक कोरी काडी आणि घरात वावरणाऱ्यांचे व तपास पथकातील प्रत्येकाचे नमुने घेतले, तर पुराव्यात खरोखर परके काय आहे, ते निवडता येते. डीएनएचे सामर्थ्य निर्दोष माणसाला सोडवण्यातही आहे, हे विसरू नये. १९८४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीस यांनी डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली. गुन्ह्याच्या तपासात तिचा प्रथमच वापर झाला, तेव्हा दोन खुनांपैकी एकाची कबुली दिलेला तरुण निरपराध ठरला.

प्रश्न : लुमिनॉल हे रक्ताचा माग काढण्याचे रसायन फवारल्यावर निळा प्रकाश दिसला, म्हणजे तेथे रक्त होते असे समजावे का?

उत्तर : नाही. तसा संशय घ्यावा एवढेच. रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहामुळे ही चमक येते, परंतु क्लोरीनयुक्त ब्लीच, तांबे आणि काही वनस्पतींचे रस यांच्यामुळेही ती येते. रक्त निश्चित करण्यासाठी पुढील चाचण्या आवश्यकच असतात.

प्रश्न : तज्ज्ञाचा अहवाल स्पष्ट असूनही, पाकिटावरील एखादी सही नाही एवढ्याने पुरावा दुबळा ठरतो. हा तांत्रिकपणाचा अतिरेक नाही का?

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो, पण या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत नाही. अहवाल प्रयोगशाळेत पोहोचलेल्या वस्तूविषयी असतो. तीच वस्तू घटनास्थळी होती, हे अहवाल सांगू शकत नाही. ते फक्त ताब्याची अखंड नोंद सांगते, जिला चेन ऑफ कस्टडी म्हणतात. वस्तू कोणी, कोठून, कोणत्या दिवशी व वेळी उचलली, तिचा क्रमांक काय, ती कोणी कोणाकडे सोपवली, मधल्या काळात ती कोठे कुलूपबंद होती आणि सील कोणी उघडले, या प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद हवी. पाकीट उघडल्यास कळावे म्हणून सही अर्धी चिकटपट्टीवर आणि अर्धी पाकिटावर येईल अशी करतात. तपासणीसाठी पाकीट उघडताना जुने सील न तोडता दुसऱ्या बाजूने कापतात आणि नंतर तेथे नवे सील लावतात.

समजा, दोन दिवस मुद्देमाल कोणाकडे होता, हे कोणालाच सांगता येत नाही. त्या दोन दिवसांत काहीही गैर घडले नसेल, पण ज्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय त्या पाकिटावर अवलंबून आहे, त्याने केवळ विश्वासावर ते का मान्य करावे? ही नोंद आरोपीइतकीच पीडित कुटुंबाच्याही कामाची आहे, कारण ती चोख असेल तर खरा पुरावा उलटतपासणीतही टिकतो.

प्रश्न : मोबाइल फोन सापडल्यास तो लगेच बंद करावा का?

उत्तर : सरसकट नाही. फोन बंद केल्यास तो पुन्हा सुरू करताना सांकेतिक अंक लागतात आणि आतील माहिती उघडणे कठीण होते. चालू व जोडलेला ठेवल्यास दूरवरून माहिती पुसली जाऊ शकते. म्हणून चालू फोन नेटवर्कपासून तोडून, संदेशलहरी अडवणाऱ्या पिशवीत, चार्ज राहील अशी व्यवस्था करून नेतात. कुतूहलापोटी त्यातील संदेश चाळू नयेत, त्यामुळे आतील नोंदी बदलतात. तज्ज्ञ मूळ साठ्याची तंतोतंत प्रत करून काम त्या प्रतीवर करतात, आणि दोहोंचे हॅश मूल्य, म्हणजे आतील सर्व माहितीवरून गणिताने काढलेली ओळखखूण, सारखे आहे, हे पडताळून पाहतात.

प्रश्न : गुन्हा घडलेल्या जागी सर्वांत आधी सामान्य नागरिक पोहोचला, तर त्याने काय करावे?

उत्तर : प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी, नंतर जखमीला मदत मिळवून द्यावी आणि पोलिसांना कळवावे. आत गेला असाल, तर शक्यतो ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने बाहेर या. तेथील नळ, शौचालय, टॉवेल किंवा फोन वापरू नका. गुन्हेगाराने हात तेथेच धुतले असण्याची शक्यता असते. काहीही झाकू, पुसू वा आवरू नका. मृत व्यक्तीवर चादर घालावीशी वाटणे स्वाभाविक आहे, पण चादरीवरचे केस आणि धागे मृतदेहावर जातात आणि त्यावरचे चादरीला लागतात. इतरांना दाराबाहेर थांबवा. आपण कोठे उभे राहिलात, कशाला हात लावला, दार उघडे होते की बंद, दिवा चालू होता की नाही, कसला वास येत होता, हे पोलीस येईपर्यंत लिहून काढा. आपल्या बोटांचे ठसे किंवा बुटांचे नमुने मागितले, तर तो आपल्यावरचा संशय समजू नका. आपल्या खुणा वेगळ्या काढल्याशिवाय उरलेल्या खुणा कोणाच्या, हे तपासणाऱ्यांना ठरवता येत नाही.