कपचा वास जात नाहीये, काय करू?

प्रश्न: ताई, दीड वर्षं मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा सिलिकॉनचा कप) वापरतेय. दर महिन्याला उकळते, तरी कुबट वास येतोच. जंतुनाशकात बुडवून ठेवू का?

उत्तर: नको गं, अजिबात नको! जंतुनाशक, सेंटेड साबण यांनी आतली नाजूक त्वचा चुरचुरते आणि सिलिकॉनही खराब होऊ शकतं. आधी कपच्या कडेखालची बारीक भोकं बघ, बहुतेक वेळा वास तिथेच अडकलेला असतो. कप पाण्याने गच्च भर, तोंडावर तळहात दाबून पिळ, भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडायला हव्यात, नाही उडाल्या तर मऊ टूथब्रशने घास (तो ब्रश मात्र फक्त कपसाठीच ठेव). पहिलं धुणं कायम गार पाण्याने, गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के बसतात. मग बिनवासाचा साबण, आणि भरपूर पाण्यात ५ मिनिटं उकळायचा, कप तळाला चिकटू द्यायचा नाही. नंतर कोरडा करून थोडा वेळ उन्हात ठेव, आणि हवाबंद डबीत नाही, सुती पिशवीतच. आणि पाळीत कप १२ तासांपेक्षा जास्त अंगात ठेवू नकोस.

एवढं करूनही, म्हणजे कप स्वच्छ असूनही अंगावरून जाणाऱ्या पाण्याला माशासारखा वास येत असेल, खाज असेल तर तो कपचा दोष नाही, इन्फेक्शन असू शकतं, न लाजता डॉक्टरांकडे जा.