घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांना पावडर कोटिंग करताना ओव्हनमध्ये खाली काय ठेवावं?

तुमचा प्रश्न असा: गळासाठी घरी ओतलेली शिशाची वजनं रंगाची कोरडी पावडर लावून (ती तापून वितळते आणि वजनावर कडक थर बसतो, तेच पावडर कोटिंग) भाजली की फॉइलला चिकटतात, तर बेकिंग पेपर घ्यावा, सिलिकॉनची मॅट घ्यावी की जाळी? आणि शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिलंय, ‘जाळीवर काही वजनं चेपली, म्हणजे जाळी बादच ना?’ खरं सांगायचं तर मी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलो.

जाळी बाद नाही. जाळीने वजन चेपत नाही. धातू मऊ पडतो, तेव्हा खाली जे असेल त्याचे वळ त्याच्यावर उठतात. त्याचा दोष जाळीला देणं हे मी घरात ऐकून ऐकून कंटाळलोय.

खाली काय ठेवायचं ते आधी सांगून टाकतो. विणलेलं टेफ्लॉनचं कापड मिळतं, ते ठेवा. पावडर त्याला धरत नाही, गार झालं की वजन आपोआप सुटतं आणि कापड पुन्हा पुन्हा वापरता येतं. ते नसेल तर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर चालतो. मेणकागद अजिबात नको. साधी फॉइल मीही वापरत नाही, कारण पावडर वितळली की ती अॅल्युमिनियमला तितक्याच प्रेमाने धरते जितकी शिशाला. सिलिकॉनच्या मॅटबद्दल माझं मत वाईट आहे. आमच्या कोटिंगच्या धंद्यात सिलिकॉनचा स्प्रे कोणी शॉपमध्ये आणला तर त्याला बाहेर काढतात, कारण त्याचा अंश पृष्ठभागावर गेला की रंगाला खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे गोल. नवी मॅट तापली की तिच्यातून असंच काहीबाही उडतं. वापरायचीच असेल तर आधी नुसती रिकामी भाजून घ्या.

पण वजनांना कडी असते. कडी असताना ती आडवी ठेवायचीच कशाला? तारेचा आकडा करा आणि लोंबकळवा. आरपार भोक असलेल्या अंडाकृती वजनातून तार ओवा. कडी नाही, भोक नाही, अशा बारक्या दाण्यांसाठी तेवढं टेफ्लॉन.

आता त्या जाळीची गोष्ट.

माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा मोठा, गळ टाकण्यात मुरलेला. ओतकामातही त्याचा हात चांगला आहे. साच्याला काजळी धरायची कशी, धातू केव्हा ओतायचा, हे त्याला न बघता कळतं. पण कोटिंग हा त्याच्या लेखी ‘रंग मारणे’. मी रोज तेच काम करतो हे त्याला मान्य असतं, फक्त त्याच्या वजनांची वेळ आली की नसतं. सुरुवातीला तो फॉइलवर भाजायचा. तळाला सगळीकडे झालर यायची, म्हणजे वितळलेली पावडर खाली ओघळून पसरते आणि वजनाभोवती पातळ पापुद्रा तयार होतो तो. तो ब्लेडने झालर कापायचा. कापलेल्या कडेला शिसं उघडं पडायचं आणि पाण्यात दगडावर घासलं की तिथूनच कोटिंगचे टवके निघायचे. मी म्हटलं, अरे दादा, फॉइल काढ. त्याने फॉइलला तेल लावलं. मग चिकटायचं बंद झालं, कारण तळाला तेल लागलेल्या जागी पावडर धरलीच नाही. बोटाने सोलता येत होती.

मग माझ्या सांगण्यावरून त्याने जाळी घेतली. पहिल्या खेपा बऱ्या गेल्या. आणि एकदा मला घरी बोलावून त्याने ट्रे समोर धरला. गोळे खालून सपाट झालेले, पोटावर जाळीचे चौकोन उमटलेले आणि कोटिंगमधून फुटून बाहेर आलेले चकचकीत बारीक थेंब. काही थेंब जाळीच्या तारांवर गोठले होते, मोहरीएवढे, चांदीसारखे. ‘ही तुझी जाळी,’ तो म्हणाला. समोर आत्या बसलेली, त्याची मुलं बसलेली. तेव्हापासून घरात कोणतीही वस्तू वाकली, चेपली की ‘जाळीवर ठेवली होती का’ असं विचारायची पद्धत पडली आहे.

तुम्हीही तेच लिहिलंत म्हणून आता सविस्तर सांगतो. ते थेंबच सगळं सांगत होते. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. नेहमीची पावडर १८० ते २०० अंशांत क्युअर होते, म्हणजे भाजून पक्की होते. मध्ये शंभरावर अंशांची जागा आहे, शुद्ध शिसं तिथे हलणारसुद्धा नाही. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरतात ते ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर १८३ अंशांना पाणी होतं. शिशाच्या भांड्यात असं सोल्डर भरपूर पडलं की मिश्रणाचा काही भाग त्याच १८३ अंशांना वितळतो, बाकीचा घट्ट राहतो. ओव्हन १९० वर असेल तर गोळा अर्धवट ओला होतो. वितळलेला भाग घामासारखा बाहेर येतो आणि उरलेला सांगाडा स्वतःच्या भाराने बसतो. खाली जाळी असो, टेफ्लॉन असो की संगमरवराची फरशी, तो बसणारच.

मी त्याला विचारलं, भांड्यात काय टाकलंस? म्हणाला, शिसंच. आणखी काय? तर कोणाकडून तरी आलेली जुन्या सोल्डरची रिळं, ‘तीही शिशाचीच की’. मी म्हटलं, उरलेला धातू पुन्हा वितळव आणि गार होताना बघ. शुद्ध शिसं गोठतं तेव्हा एकदम गोठतं, आत्ता पातळ होतं आणि आत्ता घट्ट. त्याचा धातू बराच वेळ ओल्या वाळूसारखा रवाळ लगदा राहिला, थर्मामीटरचा काटा ३२७ च्या कितीतरी खाली गेला तरी पळीने ढवळता येत होता. आतेभावाने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तरी त्याचं म्हणणं, ‘असेल, पण फॉइलवर असं झालं नव्हतं.’ फॉइलवर भाजलेली वजनं सोल्डर टाकण्याआधीची होती. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

मिश्रधातू वाईटच असतो असं मात्र नाही. शिशात अँटिमनी, म्हणजे शिसं कडक करणारा धातू, असेल तर साधारण ११ टक्के अँटिमनीला वितळण्याचा सगळ्यात खालचा बिंदू येतो आणि तोही २५२ अंश. म्हणजे भंगारातलं कडक शिसं बेलाशक भाजा. भीती कथलाची.

दुसरी गोष्ट ओव्हनची. काटा १९० दाखवतो तेव्हा आत १९० असतं हा भाबडेपणा आहे. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल लाल झाली की तिच्याजवळचं तापमान कितीतरी वर जातं. वेगळा थर्मामीटर वजनांच्या उंचीवर ठेवा. पावडरच्या कागदावर ‘२०० अंशांना १० मिनिटं’ असं लिहिलेलं असतं ती १० मिनिटं धातू तापल्यानंतरची असतात, दार लावल्यापासूनची नव्हे. शिशाच्या बाबतीत लोकांना वाटतं, जड आहे म्हणजे तापायला वेळ लागणार. उलट आहे. तेवढ्याच आकाराचा पोलादाचा तुकडा तापायला दुपटीहून जास्त उष्णता खातो. शिसं लवकर तापतं, तेव्हा पोलादी ब्रॅकेटच्या अंदाजाने शिसं भाजत बसू नका.

आणि चिकटतं ते मुळात पावडर जास्त झाल्यामुळे. आम्ही पावडर फवारायच्या गनने ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर देतो. डब्यात घालून हलवण्याच्या पद्धतीत लोक वजनं पिठात घोळल्यासारखी काढतात आणि तशीच ठेवतात. डबा पॉलिप्रोपिलीनचा घ्या, त्यात एअरसॉफ्टचे प्लॅस्टिकचे छर्रे टाका, चांगलं हलवा म्हणजे घर्षणाने विद्युतभार येतो आणि पावडर आपण होऊन धरते. मग चिमट्याने उचलून चिमटा डब्याच्या काठावर टक्टक आपटा. सुटी पावडर पडू द्या, जी धरली आहे तीच खरी. हवा दमट असेल तर भार टिकत नाही, तेव्हा उगाच जास्त पावडर ओतून भरपाई करू नका, कोरड्या दिवशी करा. टांगून भाजलंत तर जास्तीची पावडर लगेच चुगली करते, खाली थेंब लोंबतो.

क्युअर झालं की नाही ते रंगाच्या चकाकीवर ठरवू नका. एक वजन हातोडीने चपटं करा. कोटिंग धातूबरोबर पसरलं पाहिजे, टवका उडता कामा नये. आतेभाऊ यावर म्हणाला होता, ‘मासे हातोडीने मारायचेत का?’ नाही, पण खडकात अडकलेलं वजन ओढून काढताना त्याच्यावर जे होतं ते हातोडीपेक्षा सौम्य नसतं.

हेही लिहायला हवं. ज्या ओव्हनमध्ये हे कराल त्यात पुन्हा कधीही खाण्याचं काही भाजू नका. पावडर फार बारीक असते, मास्क लावा, आणि ती हवेत उडाल्यावर ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यामुळे डबा उघडा असताना जवळ पेटतं काही नको. टेफ्लॉन २६० अंशांच्या पुढे नेऊ नका. त्याचा धूर माणसाला त्रास देतो आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याला मारतो. भाजण्याच्या तापमानाला शिशाच्या वाफा जवळपास होत नाहीत, पण वितळवताना वर येणारी राख आणि हाताला लागणारी करडी धूळ पोटात जाते. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

कोटिंग केलं म्हणजे शिसं निरुपद्रवी झालं असंही समजू नका. तुटून पाण्यात पडलेलं बारकं वजन पक्षी खडा समजून गिळतात आणि त्यांच्या पोटातल्या खड्यांमध्ये घासून कोटिंग जातं. ब्रिटनमध्ये राजहंस मरू लागले म्हणून १९८७ साली ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. बारकी वजनं टंगस्टनची किंवा कथलाची घेणं बरं. ती कथलाची मात्र पावडर लावून भाजू नका. शुद्ध कथील २३२ अंशांना जातं, घरच्या ओव्हनचा काटा जरा खोटं बोलला की खलास.

तुमच्या चेपलेल्या वजनांवर चकचकीत थेंब होते का, ते नीट बघा. असतील तर तो धातू भाजायचा नाही, नुसता ओतून वापरायचा. किंवा १५० ते १६० अंशांना क्युअर होणारी पावडर मिळते ती घ्या. आणि पुढच्या वेळी ओतताना थर्मामीटर बुडवून धातू किती अंशांना पूर्ण घट्ट होतो ते लिहून ठेवा, मग तो आकडा मला इथे कळवा. जाळीचं आपण त्यानंतर बोलू.