अनुशेषाचा निधी आणि युरोपातला हिशेब

प्रश्न : दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजून दिला, तेव्हापासून आम्ही मराठवाड्यासाठी निधीच मागत आलो आहोत. युरोपीय संघही मागास प्रदेशांना निधी देतो असे वाचले. तो योग्य खर्च झाला की नाही हे कोण तपासते आणि गैरप्रकार आढळल्यास वसुली होते का?
– एक निवृत्त ग्रामसेवक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : वसुली होते, आणि तिची पद्धत आपण बारकाईने पाहावी अशी आहे. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आहे, तेथील कामांना २०२१ ते २०२७ या कालखंडात खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. कामे निवडणारे व्यवस्थापन प्राधिकरण त्या-त्या देशाचे किंवा प्रदेशाचे असते. मात्र त्याच देशातील, पण त्याच्यापासून स्वतंत्र असलेले लेखापरीक्षण प्राधिकरण काही कामे नमुन्यादाखल निवडून त्यांची निविदा, बिले आणि प्रत्यक्ष काम ताडून पाहते. आपल्याकडे ठेकेदाराच्या बिलातून अनामत राखून ठेवतात, तसे युरोपीय आयोग, म्हणजे संघाचे कार्यकारी मंडळही, दाव्याच्या ९५ टक्केच रक्कम आधी देतो आणि बाकीची वार्षिक हिशेब स्वीकारल्यानंतर.

खरे मर्म पुढे आहे. देशाने स्वतःहून चूक शोधून हिशेबातून वगळली, तर ती रक्कम त्याच कार्यक्रमातील दुसऱ्या कामाला वापरता येते. पण गंभीर दोष दडून राहिला आणि तो नंतर आयोगाने किंवा लक्झेंबर्ग येथील युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने (नाव न्यायालयाचे असले तरी ही संघाचे हिशेब तपासणारी संस्था) उघड केला, तर तेवढा निधी कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे आक्षेप दडपण्यापेक्षा तो नोंदवण्यातच प्रदेशाचे हित असते. मार्चअखेर घाईने निधी खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे जाताना आपण पाहिली आहेत, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

तेथे सारे निर्मळ आहे असे मात्र समजू नये. याच लेखापरीक्षक न्यायालयाने २०१९ पासून सलग अनेक वर्षे संघाच्या खर्चावर प्रतिकूल मत दिले आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचा सुमारे ६.३ अब्ज युरोंचा निधी रोखावा लागला.

आपल्याकडे मराठवाड्यासारख्या विभागांसाठीच्या विकास मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये आहे. मराठवाड्याच्या मंडळाची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपली. निधीची मागणी करताना या अहवालाचीही मागणी तितक्याच जोराने व्हायला हवी.