प्रश्नोत्तराचा तास बघणाऱ्या मुलीने पुढे काय शिकावं?

परळहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, गणित घेऊन, चांगल्या मार्कांनी. बरेच महिने ती संसदेतला प्रश्नोत्तराचा तास यूट्यूबवर बघते आणि खासदाराने काय विचारलं, मंत्री काय म्हणाले ते वहीत उतरवते. विषय दोनच, परराष्ट्र आणि बेरोजगारी. सख्खा मामा कतारमध्ये एसी टेक्निशियन आहे. चुलतभाऊ यूपीएससीत उमेदीची वर्षं घालवून आता काकांच्या स्टेशनरीच्या दुकानात बिनपगारी बसतो. वडिलांचं म्हणणं, बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) कर आणि बँकेच्या परीक्षा दे. मुलगी म्हणते, "मला तिथे काम करायचंय." आई विचारते, "तिथे म्हणजे नेमकं कुठे? आणि त्यावर पोट भरेल का?"

ताई, नमस्कार.

पोट भरेल. मात्र यूपीएससी ही एकच वाट धरून तिने पाच-सहा वर्षं अडवून घेतली तर शाश्वती नाही, आणि ते तुम्ही घरात पाहिलंच आहे. आता "तिथे म्हणजे कुठे" ते सांगते, कारण लेकीलाही बहुधा त्यातला पडद्यावरचाच भाग माहीत असेल.

मंत्री उभे राहून दोन मिनिटं बोलतात, त्यामागे बरीच माणसं राबलेली असतात. खासदाराला प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात आणि 230 अतारांकित लेखी उत्तरासाठी. राज्यसभेत 15 आणि 160. कोणाचा प्रश्न लागणार हे बॅलटने, म्हणजे सोडतीने ठरतं. प्रश्न मंत्रालयात पोचला की कक्ष अधिकारी उत्तराचा मसुदा करतो, मग अवर सचिव, संचालक, सहसचिव अशी फाइल वर जाते. तारांकित असेल तर मंत्र्यांसाठी संभाव्य उपप्रश्नांचं टिपण वेगळं बनतं. छापील उत्तर आधीच सगळ्यांच्या हातात असतं, खरी कसोटी उपप्रश्नांना लागते. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवणारेही नोकरदारच असतात. दुसऱ्या बाजूला खासदाराला प्रश्न तयार करून देणारे संशोधन सहायक, सचिवालयातले ग्रंथालय आणि संशोधन विभागाचे लोक, शब्दन् शब्द टिपणारे प्रतिवेदक, आणि मराठीत बोलणाऱ्या खासदाराचं भाषण त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत ऐकवणारे दुभाषे. हे सगळं मिळून तुमच्या लेकीचं "तिथे".

आता तिच्या दोन विषयांपैकी बेरोजगारीवर मी जास्त बोलणार आहे, कारण तिची वाट तिथूनच जाते असं मला वाटतं.

कामगार मंत्र्यांचं उत्तर तिने वहीत नक्कीच उतरवलं असेल: 15 वर्षांवरील लोकांतला बेरोजगारीचा दर 2017-18 मध्ये 6 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 3.2 टक्क्यांवर आला. आकडा खरा आहे, तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून येतो. आता तोच अहवाल तिला उघडायला सांगा. 15 ते 29 वयोगटाचा दर त्याच वर्षी 10.2 टक्के आहे. त्यापुढे व्याख्या वाचायला सांगा. घरच्या दुकानात पगाराशिवाय मदत करणारा माणूस या सर्वेक्षणात रोजगारात धरला जातो, म्हणजे तुमचा पुतण्या सरकारी हिशेबात बेरोजगार नाही. साप्ताहिक पद्धतीने मोजलं तर आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास काम केलेलाही रोजगारात येतो. मंत्री खोटं बोलत नसतात आणि विरोधी बाकांवरचा खासदारही उगाच चिडलेला नसतो. दोघं एकाच तक्त्यातल्या वेगवेगळ्या ओळी वाचत असतात. कोणती ओळ कोणी का वाचली हे ज्याला कळतं, त्याला मंत्रालयात, खासदाराच्या कार्यालयात, वर्तमानपत्रात आणि संशोधन संस्थेत, सगळीकडे काम मिळतं. आपल्याकडे भाषणावर टाळ्या वाजवणारी पोरं पुष्कळ आहेत, पण तक्ता वाचणारी फार कमी, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा: बीएमएस नको. बीए करावं, मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला राज्यशास्त्र, आणि कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर मिळत असेल तर तो सोडू नये. गणित सोडलेलं नाही ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पुढे एमएसाठी मुंबईबाहेर जायची गरज नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा विभाग आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था (टीआयएसएस), आणि गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. तिथली प्रवेश परीक्षा कठीण असते, पण तयारीला तिच्याकडे तीन वर्षं आहेत. अर्थशास्त्रात एमए झालं की इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा देता येते. तीही यूपीएससीच घेते, वयाची अट 21 ते 30. उत्तरांमागचे आकडे आणि टिपणं करणारे कितीतरी अधिकारी याच सेवेतले असतात. आपल्या मराठी घरांतून या परीक्षेची चौकशी होतच नाही, सगळा ओढा कलेक्टर होण्याकडे.

परराष्ट्राचं थोडक्यात सांगते. हा विषय केंद्र सूचीत, म्हणजे फक्त केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत आहे, त्यामुळे तो संसदेतच विचारला जातो, आपल्या विधानसभेत नाही. फॉरेन सर्व्हिसमध्ये दरवर्षी काही डझन जागा असतात. सध्याचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर स्वतः त्याच सेवेतले, 1977 च्या तुकडीचे. तिला त्यासाठी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण एमए हातात आल्यावर आणि दोनच प्रयत्न, हे आत्ताच घरात बोलून ठेवा. तिचा खरा जीव मामासारख्या कामगारांत असावा असं तुमच्या पत्रावरून वाटतं. आखातातल्या कामगारांचे थकलेले पगार, एजंटांची फसवणूक, तिकडे झालेले मृत्यू यांवर जवळपास प्रत्येक अधिवेशनात प्रश्न असतात. परदेशी जाणाऱ्या कामगारांचा कायदा 1983 चा आहे. दहावी न झालेल्या माणसाला कतारसारख्या 18 देशांत नोकरीसाठी जायचं तर परवानगी लागते, आणि ते काम बघणारं कार्यालय बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) विदेश भवनात आहे. एखाद्या सुट्टीत तिने या विषयावर काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप करावी. परळहून बीकेसी लांब नाही.

तिच्या वडिलांसाठी एक गोष्ट. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसेल, फेब्रुवारीत 300. तो कर 1975 साली लागला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. ती कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सभागृहातल्या माणसांनी गावातल्या बेकारीचा विचार केला, मुंबईतल्या पगारदारांनी खर्च उचलला, आणि 2005 मध्ये देशाचा कायदा त्याच धर्तीवर झाला. लेक "टाइमपास करते" असं ते म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगितलं. तो टाइमपास नाही.

विधान भवन तर तुमच्यापासून बसच्या अंतरावर आहे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं सहसा मुंबईतच होतात, आमदारांच्या कार्यालयातून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. एकदा तिला पाठवा. तिथली तारांकित प्रश्नांची छापील यादी वाचण्यासारखी असते: "हे खरे आहे काय?", "असल्यास, कोणती कार्यवाही केली?" आणि उत्तरात "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही". कोणत्या प्रश्नाला असं उत्तर देऊन सुटता येतं आणि कोणत्या प्रश्नाला तपशील द्यावाच लागतो, हे पन्नासेक प्रश्न वाचले की कळायला लागतं. मंत्र्यांनी "माहिती गोळा केली जात आहे" म्हटलं की संसदेत ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते. अशी अर्धवट राहिलेली उत्तरं शोधून त्यांचा पाठपुरावा करणं हा कॉलेजच्या वयात करता येण्यासारखा उत्तम अभ्यास आहे.

शिकता शिकता कमाईचंही बघायला हवं, तुमची काळजी रास्त आहे. पदवीनंतर खासदारांसोबत वर्षभर काम करण्यासाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था 2010 पासून लॅम्प फेलोशिप चालवत आली आहे, मानधनासह. महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप आहे, वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. अटी आणि तारखा बदलत राहतात, त्या वर्षीची जाहिरात बघूनच अर्ज करावा. आणि एक साधं काम आजपासून: मराठी आणि इंग्रजी टायपिंग, जमल्यास लघुलेखन. प्रतिवेदकाच्या जागांना लघुलेखन लागतं. ते शिकवणारे टायपिंग क्लास दादर-परळ भागात अजून मिळतील.

राहिला बँकेच्या परीक्षांचा मुद्दा. त्या कोणत्याही पदवीवर देता येतात, अर्थशास्त्राच्या बीएवरसुद्धा. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी, म्हणजे अधिकारीपदाच्या भरतीत तर अर्थशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी वेगळ्या जागा असतात. वडिलांची इच्छा आणि लेकीची इच्छा यांत पहिली तीन वर्षं काहीच भांडण नाही. प्रवेश अर्जात पहिल्या पसंतीला अर्थशास्त्र भरा, आणि कॉलेज निवडताना तिथे संख्याशास्त्र शिकवतात का एवढं आधी फोन करून विचारा.